पेडल दाबलं तरी हेलिकॉप्टर वळत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: सिम्युलेटरवर 80 नॉटने सरळ जाताना उजवं पेडल दाबलं. नाक उजवीकडे गेलं, पण हेलिकॉप्टर अंग तिरकं करून आधीच्याच वाटेने पुढे जात राहिलं. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत जागच्या जागी तरंगताना, मात्र तेच पेडल दाबलं की ते छान गोल फिरतं. मग पेडलचं काम नेमकं काय, आणि सिम्युलेटरचं काही चुकतंय का?

सिम्युलेटरचं काही चुकत नाही. खरं हेलिकॉप्टरही असंच वागतं. नाक जिकडे तिकडे प्रवास, अशी सवय आपल्याला गाडीने लावून ठेवलेली असते. हेलिकॉप्टरमध्ये या दोन गोष्टींचे मालक वेगळे आहेत. नाक कुठे रोखायचं ते पेडल ठरवतं. जायचं कुठे, हे मेन रोटरची डिस्क (फिरणाऱ्या पात्यांची तबकडी) कोणत्या बाजूला झुकली आहे त्यावर ठरतं, आणि ती झुकवायचं काम हातातल्या सायक्लिक नावाच्या दांडीचं. परीक्षेत एवढं लिहिलं तर गुण मिळतात. प्रत्यक्षात हे दोन मालक एकमेकांच्या हद्दीत सारखे घुसत असतात, आणि शिकायला वेळ लागतो तो त्यामुळेच.

आधी पेडलला काय जोडलेलं असतं ते बघू. इंजिन मेन रोटरला एका दिशेने फिरवतं, तेव्हा हेलिकॉप्टरचं धड उलट दिशेने फिरायला बघतं. हा टॉर्क. तो अडवायला शेपटावर उभा टेल रोटर असतो. पेडल दाबल्याने टेल रोटरचा वेग बदलतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तो गिअरबॉक्समार्फत मेन रोटरला बांधलेला असतो आणि त्याच्याच प्रमाणात फिरतो. बदलतो तो त्याच्या पात्यांचा कोन. कोन वाढवला की शेपटाला जास्त रेटा बसतो आणि टॉर्क हरतो. कमी केला की टॉर्कच धडाला फिरवून नेतो. म्हणजे एका बाजूचं पेडल टॉर्कशी झुंजतं, दुसऱ्या बाजूचं नुसतं माघार घेतं. झुंजणाऱ्याला पॉवर पेडल म्हणतात, कारण टेल रोटरही इंजिनाच्याच ताकदीवर चालतो आणि ते पेडल दाबलं की टॉर्कचा काटा चढतो.

पॉवर पेडल डावं की उजवं, हे घराण्यावर अवलंबून. बेल, सिकोर्स्की, रॉबिन्सन या अमेरिकन हेलिकॉप्टरांचा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो. तिथे डावं पेडल पॉवर पेडल. फ्रेंच आणि रशियन परंपरा घड्याळाच्या दिशेची. आपलं चेतक म्हणजे फ्रेंच अल्युएत 3 आणि चीता म्हणजे लामा. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने दोन्ही परवाना घेऊन इथेच बनवली. त्यामुळे तिथे पॉवर पेडल उजवं, एमआय-17 वरही उजवंच. नाशिकरोडला आर्मी एव्हिएशनच्या स्कूलमध्ये चेतक-चीतावर घडलेला पायलट पुढे नागरी क्षेत्रात येतो आणि जुहूहून बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींच्या फेऱ्या करणाऱ्या बेल 412 वर किंवा एडब्ल्यू139 वर बसतो (दोन्हींचं पॉवर पेडल डावं), तेव्हा त्याच्या पायांची पुन्हा पहिलीपासून शाळा सुरू होते. डॉफिन मिळालं तर सुटला, ते पुन्हा फ्रेंच. कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवून उचल वाढवणारी दांडी) उचलल्याबरोबर कोणता पाय पुढे जायचा, हे आठवून करण्याइतका वेळ कधीच नसतो.

आणि हे सतत चालू असतं. कलेक्टिव्ह उचललं, टॉर्क वाढला, पॉवर पेडल पुढे. कलेक्टिव्ह खाली, पेडल मागे. इंजिन बंद पडून ऑटोरोटेशनमध्ये गेलात (म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरवत उतरू लागलात) तर टॉर्क जवळजवळ नाहीसाच होतो, पण टेल रोटर फिरतच असतो आणि त्याचा रेटा आता अंगावर येतो. म्हणून चेतकवर तेव्हा डावं पेडल लागतं, बेलवर उजवं. (जाता जाता: 21 जून 1972 रोजी फ्रेंच चाचणी-पायलट झाँ बुले यांनी लामा 12,442 मीटरवर नेलं, तिथे इंजिन बंद पडलं आणि ते थेट जमिनीपर्यंत ऑटोरोटेशनमध्ये उतरले.) थोडक्यात, पेडलचा बहुतेक वापर नाक फिरवायला होतच नाही. ते फिरू नये म्हणून होतो.

आता तुमच्या 80 नॉटकडे येऊ. या वेगाला शेपटावरची उभी फिन, म्हणजे पंखासारखी पट्टी, हवेत पक्की धरलेली असते आणि शेपूट मागे ठेवायचं बरंचसं काम तीच करते. तुम्ही उजवं पेडल दाबलंत की नाक दहा-पंधरा अंश उजवीकडे जाऊन थांबतं, कारण तेवढ्यात फिन त्याला परत ओढू लागते आणि दोन्ही जोर सारखे होतात. हेलिकॉप्टरचं वजन दोन-तीन टन, वेग ताशी जवळजवळ 150 किलोमीटर. एवढ्या वस्तुमानाची वाट बदलायची तर त्याला बाजूने दमदार ओढ हवी. ती ओढ देऊ शकणारी डिस्क तुम्ही त्या बाजूला झुकवलेलीच नाही. मग हेलिकॉप्टर कुशीवर हवा घेत साइडस्लिपमध्ये पुढे जातं. ड्रॅग वाढतो, वेग पडतो, सीटमध्ये एका बाजूला कलंडल्यासारखं वाटतं. वेग मोजणारी नळी, पिटो ट्यूब, नाकाच्या दिशेला तोंड करून असल्याने एअरस्पीडचा काटाही तेव्हा खरं बोलत नाही.

काटेकोर बोलायचं तर वाट मुळीच बदलत नाही असंही नाही. धडाच्या कुशीवर हवा आदळते, तिचा थोडा रेटा उजवीकडे असतो. शिवाय सायक्लिकचा हुकूम पात्यांपर्यंत नेणारी स्वॉशप्लेट धडाला बांधलेली असते. नाक फिरलं की डिस्कचा पुढचा झुकावही नाकाबरोबर फिरतो. आणि हवा आता डावीकडून येते म्हटल्यावर डिस्क तिच्यापासून मागे, म्हणजे उजवीकडे, कलायला बघते. हात सायक्लिकवर अगदी स्वस्थ ठेवलात तर हेलिकॉप्टर हळूहळू उजवीकडे झुकेल आणि ओबडधोबड वळण सुरूही होईल. पण कोणताही पायलट तो झुकाव नकळत सावरतो, आणि सिम्युलेटरमध्ये स्थिरीकरण चालू असेल तर ते तुमच्या वतीने सावरतं. म्हणून तुम्हाला सरळ वाट दिसली.

वळायचं असेल तर बँक करा, म्हणजे सायक्लिकने हेलिकॉप्टर वळणाच्या बाजूला झुकवा. 100 नॉटला सेकंदाला 3 अंशांचं वळण घ्यायला साधारण 15 अंश बँक पुरते, 60 नॉटला नऊ-दहा अंश. डिस्क झुकली की तिची ओढ वाट वाकवते आणि फिन नाकाला नव्या वाटेवर आणते. पेडलला इथे फारसं काम नाही. विमानातून आलेले विद्यार्थी चटकन ओळखू येतात: बँकेबरोबर त्यांचा पायही जातो. विमानात एलेरॉनमुळे (पंखांवरच्या हलत्या फळ्यांमुळे) नाक उलट्या बाजूला ओढलं जातं, तिथे ती सवय योग्यच आहे. हेलिकॉप्टरला एलेरॉन नाहीत, त्यामुळे तो पाय नुसती स्लिप तयार करतो.

पाय बरोबर आहेत की नाही हे सांगणारं सगळ्यात प्रामाणिक उपकरण फुकटात मिळतं. काचेवर बाहेरून, मधोमध, वीतभर लोकरीचा धागा. खालचं टोक चिकटवलेलं, वरचं मोकळं. हवा नाकासमोरून येत असेल तर धागा काचेवर सरळ उभा राहून थरथरतो. नाक उजवीकडे भरकटलं की हवा डावीकडून येते, मोकळं टोक उजवीकडे झुकतं, आणि उपाय असतो डावं पेडल. पॅनेलवरच्या बॉलचं (वाकड्या नळीत घरंगळणाऱ्या गोळीचं) याउलट: बॉल ज्या बाजूला, त्याच बाजूचं पेडल. नवशिके या दोन नियमांची सरमिसळ करतात आणि स्लिप दुप्पट करून ठेवतात. आणखी एक बारकावा, जो पुस्तकं दोन ओळींत उरकतात. एकाच मेन रोटरच्या हेलिकॉप्टरमध्ये धागा आणि बॉल एकाच वेळी अगदी मध्यभागी नसतात. टेल रोटर शेपटाला बाजूने रेटत असतो, तो रेटा कुणीतरी फेडावा लागतो. धागा सरळ ठेवलात तर किंचित बँक उरते, बॉल मधोमध ठेवलात तर किंचित साइडस्लिप. माझा कौल धाग्याला, कारण ड्रॅग हवेला कळतो, बॉलला नाही.

हाच बाजूचा रेटा हॉवरमध्ये उघडा पडतो. चेतकचा टेल रोटर शेपटाला डावीकडे ढकलतो. त्याने नाक स्थिर राहतं, पण सगळं हेलिकॉप्टरही डावीकडे सरकू लागतं. ते थांबवायला डिस्क किंचित उजवीकडे झुकवावी लागते, म्हणून चेतक उजवं चाक खाली ठेवून तरंगतं आणि उतरताना तेच चाक आधी टेकतं. बेलचं डावं स्किड (चाकांऐवजी असलेली आडवी दांडी) खाली असतं. पेडलचा वाटेशी काही संबंध नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला हॉवरमधल्या चेतककडे बोट दाखवा.

हॉवरमध्ये फिरणं सोपं वाटतं ते वारा नसताना. फिनला हवा नाही, वेग नाही, वाटच नाही. पेडल दाबाल तसं नाक फिरतं. वारा आला की हाच एक फेरा सगळी परीक्षा घेतो. समजा उत्तरेकडून 15 नॉट वारा आहे, नाक उत्तरेला आहे, आणि जमिनीवरच्या एका खुणेवर थांबून उजवीकडे पूर्ण गोल फिरायचं आहे. खुणेवर टिकायचं तर डिस्क कायम वाऱ्याकडे झुकलेली हवी. सुरुवातीला सायक्लिक जरा पुढे. नाक पूर्वेला आलं की वारा डावीकडून, सायक्लिक डावीकडे. नाक दक्षिणेला, वारा पाठीमागून, सायक्लिक मागे. पश्चिमेला आलात की उजवीकडे. म्हणजे हेलिकॉप्टर उजवीकडे फिरत असताना तुमचा हात कॉकपिटमध्ये डावीकडून गोल फिरतो. हात विसरलात आणि सायक्लिक पुढेच ठेवून पेडल दाबलंत, तर डिस्क नाकाबरोबर फिरेल, नाक जाईल तिकडे हेलिकॉप्टर सरकेल, आणि वर वाराही ढकलेल.

पायांची गोष्ट त्याहून बेरकी आहे. पहिला अर्धा फेरा शेपूट वाऱ्याच्या विरुद्ध चढवायचं असतं. फिन सतत नाकाला परत वाऱ्याकडे ओढते, म्हणून उजवं पेडल वाढवत न्यावं लागतं. नाक दक्षिण ओलांडतं त्या क्षणी पारडं फिरतं. आतापर्यंत अडवणारा वारा आता शेपटाला पुढे हाकू लागतो. पाय तसाच राहिला तर नाक भिरभिरत उत्तरेकडे जातं. म्हणून दक्षिण यायच्या जरा आधीच डाव्या पायाने लगाम घ्यायची तयारी हवी. मी 90 अंशांना चार-पाच सेकंद द्यायला सांगतो आणि नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगतो. जवळच्या गवताकडे बघत फिरणारा विद्यार्थी वेगही चुकवतो आणि जागाही. वारा जोरात असेल, वजन जास्त असेल, तर पॉवर पेडलच्या बाजूने फिरणं बरं. पेडल कमी पडलंच तर नाक नुसतं पुढे जायचं थांबतं. दुसऱ्या बाजूने फिरताना कमी पडलं, तर ते थांबवायला काहीच उरत नाही.

हॉवर आणि क्रूझ (वेगातलं सरळ उड्डाण) यांच्या मधला पट्टा, साधारण 40 नॉटच्या खालचा, सिम्युलेटरवाल्यांना सगळ्यात जास्त छळतो. हेलिपॅडकडे 15 नॉटने सरकताय आणि पेडलने नाक 90 अंश उजवीकडे वळवलंत. डिस्क नव्या दिशेला ओढू लागते, पण आधीचा वेग तसाच शिल्लक आहे. परिणाम म्हणजे हेलिकॉप्टर कोनात, तिरपं घसरत जातं आणि पॅड मागे पडतं. जुना वेग मारायला जुन्या दिशेच्या विरुद्ध, म्हणजे इथे उजवीकडे, सायक्लिक द्यावं लागतं. एवढ्या कमी वेगात फिन पुरेशी मदत करत नाही, म्हणून बँक वाट वाकवते आणि नाक तुम्हाला स्वतः पेडलने बरोबर आणावं लागतं. हात-पाय एकत्र लागतात ते खरं इथेच.

विद्यार्थी पुढे विचारतो की मग नाक आणि वाट नेहमी एका रेषेत ठेवायचे का? अजिबात नाही. मुंबईपासून 160 किलोमीटरवरच्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मकडे जाताना बाजूचा वारा असतोच. खाडी पार करणारी होडी प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड ठेवून सरळ पलीकडच्या धक्क्याला लागते, तसंच हे. हवेतला वेग 60 नॉट आणि डावीकडून 20 नॉट आडवा वारा असेल, तर नाक सुमारे 20 अंश डावीकडे ठेवावं लागतं. धागा मात्र अगदी सरळ असतो, कारण हवेच्या दृष्टीने स्लिप नाहीच. नवखा प्रवासी खिडकीतून बघून म्हणतो की आपण तिरके चाललोय. जमिनीच्या हिशेबाने त्याचं बरोबर आहे. प्लॅटफॉर्मवरच्या उतरायच्या डेकजवळ आल्यावर पायलट हिशेब बदलतो. नाक शक्य तितकं वाऱ्याकडे, आणि डेक व क्रेन आपल्या बाजूच्या काचेतून दिसतील असं ठेवून, शेवटचे काही मीटर बाजूने सरकत येतो. धावपट्टीवर चाकं टेकवत उतरायचं असेल तर मात्र शेवटी पेडलने नाक पट्टीच्या रेषेत आणायचं आणि वाऱ्याकडे किंचित झुकायचं.

पेडल संपतं कधी, हेही माहीत हवं. हवा विरळ झाली की त्याच रेट्यासाठी टेल रोटरला जास्त कोन लागतो. सियाचिनच्या हेलिपॅडवर उतरणाऱ्या चीतामध्ये पायलटचं लक्ष इंजिनाच्या काट्याइतकंच उजव्या पायाखाली किती जागा उरली आहे याकडे असतं. पेडल शेवटापर्यंत गेलं आणि नाक तरी डावीकडे सरकतंय, तर तिथे कलेक्टिव्ह उचलून काही साधत नाही, उलट टॉर्क वाढतो.

समुद्रसपाटीवरही कमी वेगात, वारा अडचणीच्या बाजूने असेल तर टेल रोटर शाबूत असूनही नाक अचानक सुटतं. याला लॉस ऑफ टेल रोटर इफेक्टिव्हनेस म्हणतात. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक एफएएने 1995 मध्ये यावर सविस्तर परिपत्रक काढलं. अमेरिकन पद्धतीच्या रोटरसाठी त्यात धोक्याच्या दिशा दिल्या आहेत, अंश नाकापासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले. 30 नॉटपेक्षा कमी वेगात 120 ते 240 अंशांचा म्हणजे पाठीमागचा वारा, आणि 210 ते 330 अंशांचा म्हणजे डाव्या अंगाचा, ज्यात टेल रोटर स्वतःच्याच भोवऱ्यात सापडतो. फ्रेंच रोटरसाठी डावं-उजवं उलटं वाचा. उपाय: विरुद्ध पेडल पूर्ण दाबायचं आणि दाबून ठेवायचं, सायक्लिक पुढे देऊन वेग घ्यायचा, उंची असेल तर कलेक्टिव्ह कमी करायचं. काही लोक पेडल अर्धवट दाबतात, नाक लगेच थांबत नाही म्हणून ते निकामी झालंय असं समजून सोडतात, आणि तिथेच हेलिकॉप्टर हातचं जातं.

पेडलचा दुवाच तुटला तर वेग हाच आधार. क्रूझमध्ये फिन नाकाला बऱ्यापैकी धरून ठेवते, आणि वेग न सोडता धावपट्टीवर घसरत उतरता येतं. हॉवरमध्ये किंवा उभं चढताना हा आधार नसतो. 27 ऑक्टोबर 2018 ला इंग्लंडमध्ये लेस्टरच्या फुटबॉल स्टेडियममधून उठलेल्या एडब्ल्यू169 च्या टेल रोटरची नियंत्रण-यंत्रणा पुरेसा वेग यायच्या आत सुटली. हेलिकॉप्टर उजवीकडे गरगरत कोसळलं आणि पाचही जण गेले. ब्रिटिश तपास अहवालाने मूळ एका जाम झालेल्या बेअरिंगपाशी नेलं. पायलटने पेडल दाबलं होतं, पण ते पात्यांपर्यंत पोहोचतच नव्हतं.

टेल रोटर नसलेल्या हेलिकॉप्टरमध्येही पेडल असतात. आपल्या नौदलाच्या कामोव्हला एकावर एक, उलट फिरणारे दोन रोटर आहेत. पेडल एकाचा कोन वाढवतं, दुसऱ्याचा घटवतं, एकूण उचल तीच राहते आणि टॉर्कमधल्या फरकाने नाक फिरतं. पुढे एक आणि मागे एक असे दोन रोटर असलेल्या चिनूकमध्ये पेडल दाबलं की पुढची डिस्क एका बाजूला आणि मागची दुसऱ्या बाजूला झुकते.

सिम्युलेटरवर दोन गोष्टी करून बघा. स्थिरीकरण बंद करा, 80 नॉटला पेडल दाबून धरा, आणि सायक्लिक हलू देऊ नका. वर सांगितलेला हळू झुकाव दिसेल. मग 15 नॉट वारा लावून खुणेवरचा तो गोल फेरा आधी पॉवर पेडलच्या बाजूने, मग उलट घ्या आणि दोन्ही वेळा टॉर्कचा काटा बघा. तुमच्या मॉडेलमध्ये काट्यात काहीच फरक पडला नाही, तर मात्र सिम्युलेटरबद्दल तक्रार करायला हरकत नाही.